सहावा रिले

बशीर, तुझं ते लोखंडी कपाट काल चौघांनी मिळून माडीवरून खाली उतरवलं. जिन्याच्या दोन पायऱ्यांचे कोपरे उडाले, जुबेदाच्या नवऱ्याचं बोट चेंगरलं आणि मी चौघांवरही तोंडसुख घेतलं. तू नव्हतास ना ओरडायला, म्हणून तुझ्या वाटचंही मीच ओरडून घेतलं. आता कपाट अंगणात लिंबाखाली उभं आहे. तुझ्या लाल-पिवळ्या तारा बाहेर लोंबताहेत आणि गल्लीतून जाणारा जो तो थांबून विचारतोय, "दत्तूशेठ, हे काय हाय हो?" मी सांगतो, "बशीरचा कॉम्प्युटर." लोक मान हलवतात, च्च च्च करतात आणि पुढं जातात. च्च च्च तुझ्यासाठी की कपाटासाठी, ते मला कळत नाही.

तू गेल्याचा चाळिसावा दिवस झाला की जुबेदा अम्मीला श्रीरामपूरला घेऊन जाणार. तुला हे आवडलं नसतं, पण दुसरं काय करणार? तुझ्या बहिणीचं घर नांदतं आहे, नातवंडं आहेत, आणि इथं झेंडीगेटच्या दोन खोल्यांत डोळ्यांनी अधू झालेल्या म्हातारीला एकटं ठेवायचं म्हणजे आम्हा सगळ्यांच्याच जिवाला घोर. मीही हो म्हणालो. अम्मीनं मात्र एक अट घातली. "बशीरची पेटी माझ्यासंगं येनार."

मग जुबेदा दुकानात आली. माझ्यासमोर रेडिओ उघडा पडलेला, हातात डाख द्यायची तापलेली कैय्या. म्हणाली, "दत्तूभाई, पेटी येकटी न्यायची का कपाट जोडून न्यायची, तुमीच सांगा. भाईजान म्हनायचा, कपाटाबिगर पेटी अर्धी हाय. तुमी म्हनायचा, कपाट म्हंजे येडेपना हाय. आमच्या तिकडं दुरुस्त करनारं कोनी न्हाई. जे टिकंल ते द्या."

बघ लेका. चार वर्षं आपण ज्या एका गोष्टीवरून भांडलो, ती शेवटी माझ्या टेबलावर निकालाला आली, आणि समोरचा वकीलच गैरहजर. असा एकतर्फी निकाल द्यायला मजा येत नाही रे.

भांडण साधं होतं. घरात एक यंत्र ठेवायचं, तर त्याला किती लक्षात राहायला हवं? तू म्हणायचास, जितकं मावेल तितकं. मी म्हणायचो, जितकं लागेल तितकं. एवढ्यावर आपण चहाचे किती कप थंड केले असतील! कुसुम तर म्हणायची, "तुमच्या दोघांना बायका नसत्या तर बरं झालं असतं." मग जीभ चावायची, कारण तुला नव्हतीच.

सुरुवात आठवते का तुला? तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवीन सामान आलं आणि जुनं लिलावात निघालं. तू हातगाडीभर भंगार घेऊन दुकानासमोर उभा राहिलास. चेहरा असा की जणू वरात घेऊन आलायस. गाडीत नुसते रिले. मी म्हटलं, "हे कशाला?" तू म्हणालास, "अम्मीसाठी." मला वाटलं, एक्स्चेंजमध्ये दिवसभर 'हॅलो हॅलो' ऐकून याचं डोकं फिरलं.

पण मग तू बाकावर बसलास आणि नीट सांगितलंस. मोतीबिंदूचं ऑपरेशन फसल्यापासून अम्मीला कॅलेंडर दिसत नव्हतं, चाँद दिसत नव्हता. तू पाळीवर गेलास की ती दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, "बाबा, आज चाँद कितवा?" कुणी सांगायचं, कुणी घाईत असायचं. एकदा कुणीतरी म्हणालं, "आजी, आता तारखा कळून काय करायच्यात?" ते तू कोपऱ्यावरून ऐकलंस. "दत्तू, माझ्या आईनं तारखेसाठी कुनाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई," म्हणालास. मी टेबल मोकळं केलं.

ती पेटी आपण दोघांनी केली. मोडक्या मर्फी रेडिओचं लाकडी खोकं, आत पाच रिले. गल्लीतल्या लोकांना सांगून सांगून मला सगळं पाठ झालंय. रिले म्हणजे एक लोखंडी पट्टी आणि तिच्यामागं तारेचं गुंडाळं. वीज आली की पट्टी टक् करून चिकटते, गेली की सुटते. चिकटली म्हणजे 'हो', सुटली म्हणजे 'नाही'. एका रिलेला एवढंच लक्षात राहतं. पण वाण्याच्या वजनांसारखी त्यांची किंमत लावली तर? पहिल्याची एक, दुसऱ्याची दोन, मग चार, आठ, सोळा. पाच वजनांत एकपासून एकतीसपर्यंत काहीही तोलता येतं. प्रत्येकाच्या मदतीला आणखी एक रिले लागायचा, पण लक्षात ठेवायचं काम त्या पाचांचं. आणि चाँदचा महिना तिसाच्या पुढं जात नाही. म्हणून पाच. मी त्या दिवशीच म्हणालो, "पाच बस्स. झाकण लाव."

बाहेर दोन बटनं. एक रोजचं, एक चाँदचं. मगरिबची, दिवस मावळतानाची, अजान झाली की अम्मीनं रोजचं बटन दाबायचं. पेटी एक दिवस पुढं सरकणार आणि तितके ठोके देणार. चाँद दिसला की दुसरं बटन दाबायचं, पेटी सगळं विसरून पुन्हा एकपासून सुरू करणार. एकोणतीस वाजून गेले की दुसऱ्या संध्याकाळी अम्मी दोन बटनांवर दोन बोटं ठेवून बसायची, वर गच्चीवर पोरांचा कालवा, आणि "दिसला! दिसला!" ऐकू आलं की चाँदवालं बोट खाली. काय रुबाब असायचा तिचा! कलेक्टर काय बसेल खुर्चीत तशी.

आमच्या घरालाही त्या पेटीची सवय लागली होती, हे तुला मी कधी सांगितलं नाही. कुसुम पंचांग बघायची सोडून भिंतीला कान लावायची. अम्मीच्या पेटीनं सतरा दिले की म्हणायची, "संकष्टी आली जवळ, साबुदाणा भिजत घालते." एखाद्या दिवसानं चुकायचं, पण फारसं नाही. तुमचा आणि आमचा चंद्र एकच आहे हे मला भूगोलाच्या मास्तरांपेक्षा त्या पेटीनं जास्त पटवलं.

आणि लाईट जायची तेव्हाची गंमत! वीज गेली की पाचही पट्ट्या सुटायच्या आणि पेटी ठार कोरी. तू म्हणालास, ट्रकची बॅटरी लावू. अम्मीनं ॲसिडच्या वासानं डोकं धरलं आणि बॅटरी त्याच पावली परत गेली. मग लाईट आली की तू विचारायचास, "अम्मी, चाँद कितवा हुता?" आणि अम्मी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणायची, "बारावा. लाव." तू घंटी बंद करून बारा वेळा बटन दाबायचास. अम्मीला तारीख कळावी म्हणून पेटी, आणि पेटीला तारीख सांगायला अम्मी! मी पोट धरून हसायचो. तू वैतागायचास. एकदा म्हणालास, "हसतोस काय? निदान कुनाला इचारावं तर लागत न्हाई तिला." तेव्हा मी हसायचा थांबलो. तुझं बरोबर होतं. दारात बसून विचारणं त्या दिवसापासून बंद झालं होतं.

इथंच थांबला असतास तर तू बशीर कसला? तुला पाच पुरेनात. महिना कितवा हे ठेवायला चार आणखी, कोणता महिना एकोणतीसचा झाला आणि कोणता तीसचा ते ठेवायला बारा आणखी, मग जुबेदाच्या पोरांचे वाढदिवस, मग उरूस, मग माझ्या लग्नाचा वाढदिवससुद्धा, जो मला स्वतःला नको होता. ते कपाट आणलंस आणि त्यात ऐंशी रिले मांडलेस. मी म्हटलं, "अरे बाबा, हे घर आहे, एक्स्चेंज नाही." तू म्हणालास, "घराची याददाश्त मोठी पायजे."

का, ते तू एकदाच बोललास. माळीवाड्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो आपण. तुझे अब्बा गेले तेव्हा तू रांगत होतास. ते कुठल्या दिवशी गेले, कुणालाच सांगता येत नव्हतं. अम्मीला एवढंच आठवायचं की तेव्हा कारखान्याच्या उसाच्या गाड्या चालू होत्या. तुझा जन्म कधीचा, तेही नाही. शाळेत मास्तरांनी एक जून टाकली. मी म्हटलं, "माझीपण एक जूनच आहे, अर्ध्या जिल्ह्याची एक जूनच आहे." तू हसलास, पण म्हणालास, "म्हनूनच रे. आमच्या घरात काहीच ऱ्हात न्हाई. मला सगळं ठेवायचंय." तेवढ्यात गाडी आली आणि मी जागा धरायला पळालो.

मग ती ईद. तू नको म्हणशील, पण मी सांगणारच, कारण तो माझा विजय आहे.

दुष्काळाचं साल. अख्खा पावसाळा आभाळ कोरडं, माणसं खडी फोडायला कामावर, आणि नेमकं रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी ढग भरून आले. तू आठ दिवस आधीच कपाटातले बारा रिले पेटीला जोडून ठेवले होतेस. कापडबाजारातल्या दुकानदारानं वाटलेल्या छापील कॅलेंडरावरून कोणता महिना किती दिवसांचा ते त्यांच्यात भरलं होतंस. आता चाँदच्या बटनाचीही गरज नाही, म्हणालास, पेटीलाच ठाऊक आहे. अजान झाली. अम्मीनं खजुरानं रोजा सोडला आणि बटन दाबलं. पेटीनं एकच ठोका दिला.

एक! म्हणजे चाँद! म्हणजे ईद! अम्मीनं हात वर केले, "मुबारक! मुबारक!" शेजारच्यांनी ऐकलं, त्यांच्या शेजारच्यांनी ऐकलं. पोरांनी फटाके लावले. कुणी दुधाला निघालं, कुणी शिरखुर्म्यासाठी चारोळी शोधायला लागलं. कुसुमनं माझ्या हातून साखरेची वाटी पाठवली. मी वाटी घेऊन गल्लीत उभा, वर बघतो तर आभाळ गोधडीसारखं. मला शंका आली. विचारलं, "बशीर, चाँद कुणी बघितला?" तू म्हणालास, "पेटीनं." आणि तेवढ्यात मशिदीतून आवाज आला. चाँद दिसलेला नाही. कुठूनही खबर नाही. उद्या तिसावा रोजा.

काय शोभा झाली! ज्यानं फटाके लावले तोच तुझ्या दारात आला. एक म्हातारे गृहस्थ काठी आपटून म्हणाले, "पेटीच्या चाँदवर ईद करतोस का रे?" तू भिंतीला टेकून उभा. तुझा चेहरा बघून मलाही हसू येईना. अम्मी मात्र शांत होती. तुला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बेटा, मी आंधळी हाय. पन न पाहिलेलं पाहिलं म्हनत न्हाई. तुझ्या पेटीला सांग." त्याच संध्याकाळी तू कपाटाच्या तारा पेटीपासून सोडवल्यास.

दुसऱ्या संध्याकाळी चाँद दिसला. खरा. ईदच्या नमाजानंतर तू शिरखुर्मा घेऊन दुकानात आलास आणि मी तुझ्याकडून तीन वेळा कबूल करून घेतलं की घराला पाच रिले पुरतात. तू तिन्ही वेळा कबूल केलंस. चौथ्या घोटाला म्हणालास, "बरं, ऐंशी न्हाई. पन पाच कमी हाय. सहा तरी कर."

सहा! तुझा तो सहावा! त्यानंतर तू ऐंशीचं नाव काढलं नाहीस, पण सहाव्याचा पिच्छा सोडला नाहीस. मी विचारायचो, "महिना बत्तीस दिवसांचा होतो का?" तू म्हणायचास, "घरात काय नुसते महिनेच मोजत्यात का? बाळंतिणीचे चाळीस दिवस मोजत्यात. मानूस गेलं तर चाळीस मोजत्यात. तुझी पेटी एकतिसावर दम टाकनार." एकदा मी चिडून म्हणालो, "तुझं लग्न नाही, घरात पाळणा नाही. तू चाळीस कुणाचे मोजणार आहेस?" तू हसलास. मीही हसलो. अम्मी आत बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होती, तीही हसली. आपल्या तिघांचं हसू मला अजून ऐकू येतं. त्यात कुणाला काही लागलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मग कावीळ. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुला माती द्यायला मी होतो, माझ्या मुठीत जेवढी मावली तेवढी दिली, आणि घरी येऊन अंघोळीला बसलो तेव्हा कुसुमनं दार लावून घेतलं म्हणून गल्लीला माझं रडणं ऐकू गेलं नाही. बस्स.

तिसऱ्या दिवशीची जियारत, कबरीवरची दुवा, झाली. पाहुणे पांगले. मी अम्मीपाशी बसलो होतो. मगरिबची अजान झाली आणि सवयीनं माझी नजर पेटीकडं गेली. अम्मीनं पेटीवर हात ठेवला, पण बटन दाबलं नाही. म्हणाली, "दत्तू, चाँद मशिदीतनं कळतो मला. शेजारची सून येऊन सांगती. आता ह्या पेटीत माझ्या पोराचे दिवस लाव. चाळिसाव्यापत्तुर."

मी घंटी बंद केली आणि चाँदचं बटन दाबलं. मग रोजचं, तीन भरेपर्यंत. घंटी पुन्हा चालू केली. मला वाटलं झालं. तर अम्मी विचारते, "पन एकतिसाला थांबंल ना ही?"

ती म्हणाली, "पाच-पाच म्हनून तूच वरडत हुतास की रे, माझ्या कानाशी बसून. बत्तिसाव्याला काय हुईल?"

काय होईल, तुला माहीत आहे. एकतिसाला पाचही पट्ट्या चिकटलेल्या असतात. पुढचं बटन दाबलं की पाचही सुटतात. पेटी कोरी. एकही ठोका नाही. मी तसं सांगितलं. अम्मीनं डोळे मिटले. त्या डोळ्यांना मिटण्याचं काय काम, पण मिटले. म्हणाली, "माझ्या बशीरचे दिवस शून्यावर नको नेऊस रे." मी म्हटलं, "नाही नेणार." शब्द दिला.

शब्द दिला आणि पेटी उघडायचं टाळत राहिलो. अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. रोज मगरिबला जाऊन ठोके ऐकायचे आणि घरी यायचं. अकरा. अठरा. सत्तावीस. काय सांगू, पेचकस हातात घेतला की तुझा हात समोर यायचा. झाकणाच्या चार स्क्रूंपैकी दोन तू आवळलेस, दोन मी. तुझे दोन नेहमी जास्त घट्ट.

काल एकतीस वाजले. काल दुपारी ते कपाट खाली उतरलं आणि काल संध्याकाळी पेटीनं एकतीस दिले. अम्मी नुसतं माझ्याकडं तोंड करून बसली. ते मला जास्त लागलं.

आज सकाळी दुकान बंद ठेवलं. पेटी अम्मीच्या खाटेवरच उघडली, घरी आणली नाही, कारण ती हलवली आणि प्लग निघाला तर एकतीसही गेले असते. प्लग तसाच ठेवून, बोटाला झटके खात झाकण काढलं. माझी चिंता ही की सहावा बसवायचा कुठं? खोकं तर पाचांच्या मापाचं, मीच मापलं होतं.

बशीर, चोरा!

पाचव्या रिलेच्या मागची फळी कापलेली. व्यवस्थित, कानसून. दोन रिले बसतील एवढी जागा, एक सहावा आणि एक त्याचा मदतनीस. पाचव्यापासून पुढं जाणाऱ्या तारा डाख देऊन तयार, टोकं सोलून, पांढऱ्या दोऱ्यानं बांधून कोपऱ्यात दडवलेल्या. स्क्रूची भोकंसुद्धा पाडलेली. मी शिट्टी वाजवत झाकण लावून गेलो आणि तू माझ्यामागं केव्हातरी ते उघडून हे सगळं करून ठेवलंस! फक्त रिले बसवला नाहीस. तो मी बसवावा म्हणून वाट बघत बसलास. किती महिने? की वर्षं? आणि मला मेल्या एका शब्दानं बोलला नाहीस! मी "पाच बस्स, पाच बस्स" करत अम्मीच्या खाटेवर बसून चहा ढोसत होतो आणि माझ्या ढुंगणाखाली हा तुझा सापळा!

मी मोठ्यानं हसलो. अम्मी दचकली. तिला सांगितलं, तिचा हात धरून त्या रिकाम्या जागेत घातला. तिनं दोऱ्याची गाठ चाचपली. "ही त्याचीच," म्हणाली. "पायजम्याची नाडीपन अशीच बांधायचा. सुटायची न्हाई कधी." मग आम्ही दोघंही हसता हसता रडलो. मला तुझी फार आठवण येते रे. हे असं सरळ तुझ्या तोंडावर कधी म्हणायची वेळच आली नाही, कारण तू रोज दुकानात टपकायचास.

गाठ मी सोडली नाही, कापलीही नाही. टोकं तेवढी ओढून घेतली. अंगणात जाऊन तुझ्या कपाटातून दोन रिले काढले. पहिल्या ओळीतले, तू सगळ्यात जास्त पुसायचास ते. जुबेदा दारातून बघत होती. म्हणाली, "दत्तूभाई, मग कपाट न्यायचं का?" मी म्हटलं, "कपाट नाही न्यायचं. कपाटातला एक न्यायचा, त्याच्या सोबत्यासकट. बाकीचे माझ्या दुकानात लागतील." तुझ्या बहिणीला हे पटलं. तुला पटलं नसतं, पण त्याला माझा इलाज नाही.

डाख एकदम चकचकीत बसले. ऊन उतरायच्या आत झाकण लागलं. चारही स्क्रू मीच आवळले, तुझ्याएवढे घट्ट.

मग आम्ही बसलो. अम्मी खाटेवर, जुबेदा खाली, कुसुम हातातलं काम टाकून आलेली. मला एकच भीती, लाईट. गेली तर ऐन वेळी सगळंच कोरं. पण लाईट राहिली. अजान झाली. अम्मीनं चाचपडत रोजच्या बटनावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "दाबू?" मी म्हटलं, "दाबा."

झाकणाच्या फटीतून मी आत बघत होतो. एक, दोन, चार, आठ, सोळा, पाचही पट्ट्या एकामागून एक सुटल्या. माझे पाच. क्षणभर पेटीत काहीच नाही. आणि मग कोपऱ्यातून, दोऱ्याच्या गाठीशेजारून, एकच टक् झालं. तुझा सहावा चिकटला. एकट्यानं बत्तीस धरले.

ठोके सुरू झाले. अम्मी ओठांनी मोजत होती, कुसुमही मोजत होती. एकतीसच्या पुढं एक पडला तेव्हा अम्मीनं श्वास सोडला. म्हणाली, "आठ ऱ्हायले."

मी म्हटलं, "मोजेल अम्मी. त्रेसष्टपर्यंत मोजेल."

"मला त्रेसष्ट नकोत," ती म्हणाली. "चाळीस झाले की त्याला जाऊ देऊ. मग परत चाँद मोजू, श्रीरामपुरात." आणि पेटीवरून हात फिरवत, तोंड माझ्याकडं न करता म्हणाली, "त्या दिवशी तू इचारलं हुतंस ना रे, चाळीस कुनाचे मोजनार म्हनून."

मी मान हलवली. तिला दिसली नसणार, म्हणून तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो धरून ठेवला, बराच वेळ.

तेव्हा निकाल ऐक, बशीर. समोर नाहीस, तरी ऐक. घराला ऐंशी लागत नाहीत, हे माझं म्हणणं कायम. घराला पाच पुरत नाहीत, हे तुझं म्हणणंही कायम. सहा. पेटी सहासकट श्रीरामपूरला जाईल, चाळीस झाल्यावरही सहावा मी काढणार नाही, आणि लाईट गेली तर काय करायचं ते अम्मीला ठाऊक आहे. पण तिथं वर बसून माझ्यामागं सातव्याची भोकं पाडून ठेवलीस, तर बघ.